चातुर्मासाचा नवा नेम

नाशिक,
भाद्रपद

प्रिय शैला,

‘अगं, आहेस कुठे?’ असा तुझा ईमेल मिळाला. आहे इथेच, ठणठणीत. आषाढी एकादशीपासून फेसबुक-इन्स्टाग्राम बंद केलंय आणि व्हॉट्सॲपचे सगळे ग्रुप म्यूट. आई चातुर्मासात कांदा-लसूण, वांगी सोडायची. मला भरीत काही सोडवत नाही, म्हणून हे सोडलं. सासूबाई म्हणाल्या, “वांगीच सोडायचीस, सोपं गेलं असतं.”

खरंच गेलं असतं गं. वांगं खाल्लं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. इथे सोसायटीचं पाणी कधी येणार, भाच्याचा साखरपुडा कुठल्या हॉलमध्ये, सगळं ग्रुपवरच ठरतं. भिशीची जागा ऐन वेळी बदलली, ते मला कळायचं कसं? मी आपली जुन्या घरी बेल वाजवत उभी!

श्रावणात मात्र मजा आली. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण विचारायचो, “मारुतीच्या कुठपर्यंत आलं?” आता विचारावं लागतच नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीचे फोटो मोबाइलवर येऊन पडतात. यंदा छत्री घेतली आणि थेट गोदाघाट गाठला. गढूळ, फेसाळ पाणी मारुतीच्या गुडघ्यांवरून कमरेकडे चाललेलं. गंगा बघायला पुलावर ही गर्दी! शेजारचे एक आजोबा १९६९च्या पुराचं सांगत होते, नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत पाणी कसं चढलं ते. सांगताना हातानं उंची दाखवत होते. पण बाकी सगळ्यांचे हात मोबाइल धरून वर गेलेले. ऐकायला मी एकटी.

तिथेच मला पटलं, की हा नेम एकट्यानं करण्यात फारसा अर्थ नाही. मी फोन ठेवला, पण बोलायला समोरचा मोकळा नको?

मिळून फोन ठेवणं एका गावानं करून दाखवलं, सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं. कोरोनात अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाइल आले, ते शाळा उघडल्यावरही सुटेनात. मोठ्यांचंही तेच. मग तेव्हाचे सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ठरवलं आणि १५ ऑगस्ट २०२२पासून संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजायला लागला. तो वाजला, की टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा. तेवढ्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर गप्पा मारायच्या. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका घरोघर समजावत फिरल्या, कारण नुसत्या भोंग्यानं कोण ऐकतंय! मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे कुणी एकटा त्यागमूर्ती होत नाही. सगळ्यांचेच फोन बंद, त्यामुळे आपलं काही चुकतंय अशी चुटपुट कुणालाच नाही.

आपल्या नाशकातही असं मिळून करण्याची सवय आहेच की. १८४०पासूनचं सार्वजनिक वाचनालय, आपलं ‘सावाना’ आहे. शिवाय कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या विनायक रानड्यांनी कुठे कुठे, पार परदेशापर्यंत पोचवल्यात. एका पेटीत २५ पुस्तकं, ती आपसात वाचायची, मग दुसऱ्या गटाशी पेटी बदलायची. तुमच्या नेदरलँड्सच्या मराठी मंडळात चौकशी करून बघ.

तर माझा प्रस्ताव असा. दर रविवारी आमचे सात, म्हणजे सध्या तुमचे दुपारचे साडेतीन, ते आमचे साडेआठ, म्हणजे तुमचे पाच, या वेळात दोघींचे फोन बंद. तू तिकडे मला लिही, मी इकडे तुला. कागदावर, आणि लांबलचक. पोचायला उशीर झाला तरी चालेल. घरातल्यांनाही ओढ यात, नाहीतर तुझी गत माझ्यासारखी व्हायची.

इकडे नवऱ्यानं होकार दिलाय, मुलगी अजून विचार करतेय. अडचण सासूबाईंची आहे, त्यांची मालिका नेमकी सातला लागते. वाटाघाटी चालू आहेत. निकाल पुढच्या पत्रात.

तुझी,
मीना