सायकल

शनिवारी रात्रीची जेवणे आटोपली की आम्ही चौघे मित्र बेळगावात एकाच्या माडीवर जमतो व एखादा जुना चित्रपट पाहतो. गेल्या खेपेस दे सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ज’ लावला होता. रोम शहरात भिंतींवर जाहिराती चिकटविण्याच्या कामासाठी अंतोनियोला सायकल हवी. गहाण पडलेली ती सायकल सोडविण्यासाठी त्याची पत्नी घरातल्या चादरी देऊन टाकते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीस जाते. ही भूमिका करणारे लाम्बेर्तो माज्जोरानी मूळचे कारखान्यातील कामगार. म्हणूनच की काय, त्यांचा थकवा उसना वाटत नाही.

शोधाच्या त्राग्यात तो लहानग्या ब्रुनोच्या थोबाडीत देतो. तेथे मी मान खाली घातली. दुकानातून परत आणलेले पैसे हरवले म्हणून माझ्या मुलाला मी असेच मारले होते. पैसे पुढे माझ्याच सदऱ्यात सापडले. ते मी कोणास सांगितले नाही.

अखेर बापच सायकल चोरताना पकडला जातो, मुलाच्या डोळ्यांदेखत. तरी मुलगा त्याचा हात धरतो. दिवा लागला तरी कोणी बोलेना.

घरी आलो तो मुलगा अभ्यास करीत जागाच होता. मी सारे सांगितले.

“ठाऊक आहे, पप्पा,” तो म्हणाला, “पैसे सापडले तेव्हा मी दाराआडच होतो.”