१ जुलैच्या अलीकडे आणि पलीकडे

कुठे जन्मावे हे माणसाच्या हाती नसते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण कोणत्या तारखेला जन्मावे हेही त्याच्या हाती नसते, आणि त्या तारखेवर एखाद्याचा देश ठरू शकतो, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ साली ती वसली. चहूकडे धानाच्या बांध्या आणि मध्येच प्रार्थनेच्या रंगीत पताका! माझी एक मैत्रीण तिथली. ती माझ्यासारखीच मराठी बोलते, रात्रभर जागून झाडीपट्टीचे नाटक बघते. तिची आजी तिबेटात जन्मली आणि १९५९ नंतर आईबापांचे बोट धरून भारतात आली. वडील १९७९ साली जन्मले, काका १९८८ साली. दोघेही याच वसाहतीत.

आपला नागरिकत्वाचा कायदा १९५५ सालचा. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आत जो भारतात जन्मला, तो काही थोडे अपवाद सोडल्यास जन्मानेच भारतीय. मग आईबाप कुठलेही असोत. त्यानंतर जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक तरी भारतीय असावे लागते, आणि ३ डिसेंबर २००४ पासून तर नियम आणखी कडक झाला. म्हणजे मैत्रिणीचे वडील भारतीय आणि त्यांच्या पाठचा भाऊ परदेशी! आई एक, अंगण एक, शाळा एक.

वडिलांचा हक्कही कागदावर सहज उतरला नाही. १९८६ साली भारतात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना पारपत्रासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. २०१० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. २०१४ साली निवडणूक आयोगाने अशा लोकांची नावे मतदारयादीत घ्यायला सांगितले. वडिलांनी नाव घातले. पारपत्राचे मात्र राहिले, कारण २०१७ साली त्यासाठी अटी आल्या : निर्वासिताचे नोंदणीपत्र परत करा, सवलती सोडा, वसाहतीत राहू नका. देश मिळवायचा तर घर सोडायचे!

काकांना तर अर्जच करावा लागणार. अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने आणि त्यामागच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षे भारतात राहिलेले असावे, वर्तणूक चांगली असावी, आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान असावे. त्या अनुसूचीत आपली मराठी आहेच. काका हसून म्हणाले, "पोरी, परीक्षा घेतली तर झाडीबोलीत देईन." एका कचेरीत त्यांना कुणी विचारले होते, "भारतात कधी आलात?" काकांनी उत्तर दिले, "जन्मलो तेव्हा."

तरीही अर्ज अजून भरलेला नाही. आजी म्हणते, "सगळ्यांनी कागद बदलले, तर परत जायची आठवण कोण ठेवील?" काका हिवाळ्यात नागपूरला स्वेटर विकतात. त्यांना हक्काचे मत हवे आहे, पण आईला दुखवायचे नाही. कायद्याच्या पुस्तकात या अडचणीसाठी कलम नाही.

मला पदवीच्या प्रवेशाच्या वेळी 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' काढावे लागले. शाळेचा दाखला, तलाठ्याचा दाखला जोडला आणि काही दिवसांत कागद हाती आला. माझे बाबा शाळेत गेलेले नाहीत. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि काय लिहिले आहे ते विचारले. मी वाचून दाखवले : भारतीय. ते म्हणाले, "हे त मालूमच होतं. याले कागद कायले?"

बाबांच्या या प्रश्नातला निर्धास्तपणा काकांच्या वाट्याला कधी आलाच नाही. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे राज्यशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला कळते. पण जो इथेच जन्मला, इथल्या धुळीत वाढला, त्याला मागण्याची वाट तरी सोपी असावी. त्यासाठी त्याला घर आणि आई यांच्यावर पाणी सोडावे लागू नये. मला जे न मागता मिळाले, त्याची किंमत मला काकांकडे पाहून कळली. पुढच्या निवडणुकीत मी पहिल्यांदा मत देईन. ते मत साधेसुधे नाही, एवढे मात्र मला तेव्हा आठवत राहील.