‘नको’ म्हणायचं बटण

आपल्या होस्टेलवर गप्प बसणारा प्राणी सापडणं मुश्कील! मेसच्या भाजीपासून एम-थ्रीच्या पेपरपर्यंत प्रत्येक गोष्टीवर आपलं मत तयार असतं. पण ज्याला मत आहे आणि ते तोंडाने सांगताच येत नाही, त्याचं काय? (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, चुका पोटात घाला. विषय मात्र पोटातून आलाय.)

वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या एका गावी माझी मावशी राहते. तिचा मुलगा, आमचा छोटू, आठ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला समजतं सगळं. जोक झाला की सर्वांच्या आधी तोच हसतो. फक्त जीभ आणि हात मेंदूचा हुकूम पाळत नाहीत. स्पीच थेरपीसाठी मावशी त्याला एसटीने अकोल्याला नेते. अख्खा दिवस जातो.

अशा माणसांसाठी इंजिनिअर लोकांनी काहीच केलं नाही असं नाही. स्टीफन हॉकिंग जानेवारी २००१ मध्ये टीआयएफआरच्या परिषदेसाठी मुंबईला आले होते. ते कॉम्प्युटरमधून बोलायचे. आधी बोटाने आणि पुढे पुढे गालाच्या हालचालीने शब्द निवडायचे. गंमत म्हणजे, नंतर चांगले कृत्रिम आवाज निघाले तरी त्यांनी तो जुना यांत्रिक आवाज सोडला नाही. तो ‘त्यांचा’ आवाज झाला होता ना!

आपल्याकडे मद्रास आयआयटीच्या अजित नारायणन यांनी चेन्नईच्या विद्यासागर या संस्थेबरोबर काम करून ‘आवाज’ हे यंत्र बनवलं. २०११ मध्ये एमआयटीच्या ‘टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने त्यांना पस्तिशीच्या आतल्या संशोधकांच्या यादीत घेतलं. आणि पवईच्या आयआयटीत, आयडीसीमध्ये प्रा. रवि पूवैया आणि डॉ. अजंता सेन यांच्या टीमने ‘जेलो’ हे अॅप केलं. ते फुकट आहे आणि मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवलं की मोबाईल बोलतो. मला सगळ्यात आवडली ती त्याच्या कडेची सहा बटणं. आवडतं-नावडतं, हो-नाही, जास्त-कमी अशा अर्थाची. चित्र आणि बटण एकामागून एक दाबलं की पूर्ण वाक्य तयार!

मागच्या मे महिन्यात मी ते छोटूसमोर ठेवलं. हात हलत असल्याने वेळ लागला. तिसऱ्या दिवशी त्याने दुधाचं चित्र शोधलं, आणि नंतर नावडतंचं बटण. मावशी म्हणाली, “चुकून दाबलं असंन.” त्याने परत दाबलं. परत तेच!

“आठ वर्सं झाले मी याले दूध पाजून राह्यली, अन् याले ते आवडतच नाई?”

आम्ही सगळे हसलो. छोटू सगळ्यात मोठ्याने. मग मावशी एकदम गप्प झाली. मीही. कारण दुधाचं ठीक आहे हो, पण उद्या कोणी त्याला मारलं, कुठे दुखलं, कोणाचा स्पर्श नकोसा वाटला, तर? अशा मुलांच्या बऱ्याच तक्त्यांवर पाणी, जेवण, शू एवढंच असतं. म्हणजे आपल्याला सोयीचं तेवढंच! मला वाटतं, संवेदनशील डिझाईन म्हणजे गोड चित्रं आणि गुलाबी रंग नव्हे. त्या मुलाला आपल्याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे.

मावशीची एक भीती होती. “बाप्पा, मंग मोबाईलच बोलला तं हा बोलनं शिकनच नाई!” ही भीती पुष्कळ आई-वडिलांना असते. २००६ मध्ये परदेशातल्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र तपासले. त्यातल्या सर्वांत भक्कम पुराव्याच्या २७ केसेसपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. उलट ८९ टक्क्यांचं थोडंफार वाढलं होतं.

मग आता आपल्यासाठी काम काय उरलं? भरपूर! इंग्रजीत ‘आय गो’ म्हणून भागतं, मराठीत मुलगा ‘जातो’ म्हणतो आणि मुलगी ‘जाते’. अॅपला हे कळलं पाहिजे. घरात सगळे ‘मले’ म्हणतात आणि मशीन ‘मला’ म्हणतं, तेव्हा छोटू पाहुण्यासारखा वाटतो. तिथून जवळच पोहरादेवी आहे. आजूबाजूच्या तांड्यांवर घरोघरी गोरमाटी बोलतात. तिथल्या मुलाने कोणाच्या भाषेत बोलायचं? थरथरणाऱ्या हाताचा चुकीचा टच ओळखून सोडून द्यायचा कसा? आठ वर्षांच्या पोराच्या तोंडी मोठ्या बाईचा आवाज का? आणि लाईट गेली, चार्जिंग संपलं तर? त्यासाठी तीच चित्रं कागदावर लॅमिनेट करून मी मावशीकडे ठेवून आले. ‘नको’ सगळ्यात मोठं आणि पहिल्या जागी.

फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधताना आपण लाईन फॉलोअर रोबोट नाहीतर अटेंडन्स सिस्टीमवर येऊन थांबतो. त्याऐवजी एखाद्या अशा मुलाच्या घरी चार दिवस जाऊन बसा. कोड नंतर लिहा. आधी तो काय सांगायचा प्रयत्न करतोय ते बघा. आणि त्याला तुमचं मशीनच आवडलं नाही, तर ते सांगायचं बटणही त्यात असू द्या!