पोट्टं, पोट आणि प्रोबायोटिक

पुण्यात नोकरी लागली, पगार वाढला आणि पोट संपावर गेलं. आठवड्यातून दोनदाच ‘जायचं’, तेही कळा सोसत. डॉक्टरांनी नाव दिलं : आयबीएस, बद्धकोष्ठतावाला. सुट्टीत यवतमाळला गेलो, तर आईचं निदान तयार. ‘‘काहून रे, ताक सोडलं का?’’

ताकात जिवाणू असतात, मान्य. पण प्रोबायोटिक म्हणजे ठरावीक जातीचे जिवाणू, ठरावीक मात्रेत आणि फायदा तपासलेले. घरच्या विरजणाची अशी खात्री कोण देणार? प्रीबायोटिक म्हणजे या जिवाणूंचा डबा. लसूण-कांद्यात तो भरपूर. पण आयबीएसवाल्यांना त्यानंच गॅस होतो. (मीटिंगमध्ये तर विचारूच नका!)

कॅप्सूलबद्दल तज्ज्ञांचंही जमत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं ‘नकोच’ असं सुचवलं. ब्रिटिश म्हणाले, १२ आठवडे घेऊन बघा, फरक नसेल तर बंद करा. दोघांचं एकमत झालं ते विरघळणाऱ्या फायबरवर, म्हणजे आपल्या आजोबांच्या कपाटातल्या इसबगोलावर!

मी कॅलेंडरवर १२ आठवडे मोजले. फरक शून्य, कॅप्सूल बंद. आता थोडंथोडं वाढवत इसबगोल, वर भरपूर पाणी. सकाळ बरी जाते. शौचात रक्त दिसलं किंवा वजन उतरू लागलं, तर मात्र थेट डॉक्टर गाठायचा, हे बजावून ठेवलंय.

ताकही पितो. आईसाठी.