एकवीस दिवसांची तालीम

मे महिना हा प्राध्यापकाच्या आयुष्यातला मोठा लबाड महिना आहे. शेजारीपाजारी म्हणतात, ‘तुम्हांला काय, सुट्टीच सुट्टी!’ आणि प्रत्यक्षात त्या सुट्टीचा पुढचा भाग उत्तरपत्रिका खातात, मागचा भाग नात्यातली लग्ने खातात. मधे चार दिवस उरलेच, तर कोणी तरी शिबिर घेऊन दारात उभे राहते. हल्ली महाराष्ट्रात उन्हाळ्यात आंब्यांपेक्षा शिबिरे अधिक पिकतात. पोहण्याचे शिबिर, हस्ताक्षराचे शिबिर, गिर्यारोहणाचे शिबिर आणि ज्याचा अर्थ मला अजून कोणी समजावून दिला नाही ते व्यक्तिमत्त्व विकासाचे शिबिर. असल्या शिबिरांना मी एरवी नम्रपणे नकार देते. गेल्या उन्हाळ्यात मात्र दिला नाही, कारण निरोपाबरोबर एकच वाक्य होते : ‘गाणे आम्ही पाहू, बाई, तुम्ही भाषा पाहा.’

शिबिर होते संगीत नाटकात नुकत्याच उतरलेल्या तरुण नटनट्यांचे. सांगली-मिरजेच्या पट्ट्यातली एक शाळा सुट्टीपुरती मागून घेतलेली, मुक्काम तिथेच, दिवस २१, मंडळी १८. सर्वांत धाकटा १९ वर्षांचा, सर्वांत मोठी २८ वर्षांची. कोणी पुण्याचे, कोणी नागपूरचे, एक मुलगा इंदूरचा, तिघी गोव्याच्या. स्पर्धेत एखाददुसरे नाटक केलेले, गाण्याची एखाददुसरी परीक्षा दिलेली. शिकवायला सत्तरी ओलांडलेले एक गायक नट, ज्यांना सगळे बुवा म्हणत. एक पेटीवाले, एक तबलजी आणि नऊ ते अकरा या वेळात मी. मिरजेत तंबोरे घडतात हे जगाला ठाऊक आहे. त्या मिरजेपासून पाऊण तासाच्या अंतरावर, पहाटे सहा वाजता, अठरा मुले मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर खर्ज लावत बसलेली पाहून मला हसावे की रडावे ते कळेना. बुवांना त्याचे काहीच वाटत नव्हते. ‘सूर लागल्याशी कारण,’ म्हणाले.

पहिल्याच दिवशी इंदूरच्या मुलाने बालगंधर्वांचे एक पद म्हटले. मुलगा शिकलेला इंजिनिअर, गळा गोड, आणि पद अगदी तंतोतंत : जागा त्याच, हरकती त्याच, शेवटी घाईघाईने घेतलेली ती तानही तीच. पद संपले, सगळ्यांनी टाळ्या दिल्या. बुवांनी तेवढे विचारले, ‘बाळ, एवढी घाई कसली होती?’

त्याला उत्तर देता येईना. बुवांनीच दिले. पूर्वीच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. जे काही सांगायचे ते तेवढ्यात सांगून मोकळे व्हावे लागे. रंगभूमीवर तेच पद ‘वन्स मोअर’च्या गजरात कितीतरी वेळ रंगत असे, दर वेळी नवे होत असे. त्यातले आपल्या हाती आले ते तबकडीच्या मापाने कापलेले. ‘तबकडी संपली म्हणून ते थांबले,’ बुवा म्हणाले. ‘तू का थांबलास?’

मला वाटते, त्या २१ दिवसांतला सर्वांत मोलाचा धडा हाच होता. आजच्या मुलांना जुने गाणे हवे तेव्हा ऐकायला मिळते, आमच्या पिढीपेक्षा शंभर पटींनी अधिक मिळते. पण मिळते ते गाण्याचे छायाचित्र. ते गाणे कोणत्या वाक्यानंतर आले, समोर कोण उभे होते, पद चालू असताना त्याने काय करायचे, हे कोणत्याच ध्वनिमुद्रिकेत नाही.

जुन्या नाटक मंडळीत हे कोणी ‘शिकवत’ नसे. ते अंगावर सांडत असे. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले ते सोळा-सतरा वर्षांचे होते. गळा घेऊन आले. बाकीचे तिथे मिळाले. पुढे गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष. अशा बिऱ्हाडात पडदा ओढणारा पोरसुद्धा सुरात ओढत असला तर नवल नाही! आणि तालमीला गोविंद बल्लाळ देवल. हे देवल मुळात बेळगावचे शाळामास्तर, म्हणजे आमच्याच पेशातले, हे सांगताना मला उगीचच अभिमान वाटतो. ‘शारदा’ लिहिणाऱ्या माणसाने वाक्य कसे टाकायचे ते शिकवावे, यापरते भाग्य कोणते?

पण मंडळीच्या दिवसांची आरती ओवाळायची मला हौस नाही. केशवराव भोसले कोवळ्या वयात कंपनीत गेले आणि केशवराव झाले. त्यांच्याबरोबरीने गेलेल्या आणि आवाज फुटल्यावर स्वयंपाकघरात किंवा सामानाच्या पेट्यांपाशी जाऊन पडलेल्या पोरांची नावे कोणाला ठाऊक आहेत? शाळा सुटली ती सुटलीच. आणि मुलींना तर त्या दारातून आत येण्याची सोयच नव्हती. माझ्यासमोरच्या अठरांपैकी अकरा मुली होत्या. मग १९३१-३२ साली बोलपट आले, एकामागून एक कंपन्या बसल्या, आणि गुण-दोषांसह ती पाठशाळाच मिटली. पुढे १९६० च्या दशकात विद्याधर गोखले आले, अभिषेकीबुवांचे संगीत आले, १९६७ साली ‘कट्यार’ आली. नाटके नवी झाली, पण त्या प्रत्येकातले गाणारे नट तयार व्हायचे ते ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या गुरूकडे. मंडळी पुन्हा जमली नाही. तिची जागा आता मे महिन्यातल्या एकवीस दिवसांनी भरून काढायची आहे!

माझ्या वाट्याला आले होते १८८२ सालचे ‘सौभद्र’. मी छंदापासून सुरुवात केली. किर्लोस्करांनी रागदारी योजली तशीच साकी आणि दिंडीही योजली, आणि आमची मुले त्यांना कमी लेखत होती. दिंडी म्हणजे काय, घटकाभर म्हणून टाकायची! दिंडीच्या चरणात मात्रा १९. आधी ९, मग १०. त्या नवव्या मात्रेनंतर जो टेकू आहे तिथे ऐकणारा अर्थ गोळा करतो. तिथेच तान घातली की दिंडी बुडाली आणि गोष्टही बुडाली. साकीचे तसेच : १६ आणि १२. मी अठरा जणांना शाळेच्या व्हरांड्यात ओळीने चालायला लावले. नऊ पावले, थांबा, दहा पावले. शिपाई कपाळाला हात लावून पाहत होता. तिसऱ्या दिवशी नागपूरचा मुलगा म्हणाला, ‘बाई, हे तर बोलणंच आहे!’ तेच मला हवे होते. दिंडी-साकी नाटकाला पुढे नेतात. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांच्या चाली आल्या, १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांच्या, आणि मैफल रंगभूमीवर चढली. ते वैभव खरेच. परंतु तरुणांना नाटक म्हणजे तेवढेच वैभव वाटू लागले आहे, आणि त्या दोन मैफलींच्या मधले गद्य म्हणजे श्वास घेण्याची सवड.

गद्यातून पदात जाणे हा या नाटकाचा उंबरठा आहे. पेटीवाला सूर धरतो तो नटाच्या शेवटच्या वाक्याखाली, हळूच. नटाने ते वाक्य त्या सुराच्या इतक्या जवळ आणून ठेवायचे की आता गाण्याखेरीज इलाज नाही असे वाटावे. फोंड्याची एक मुलगी होती. गोव्यात अजूनही देवळाच्या उत्सवात गावकरी संगीत नाटक उभे करतात. तिथे ती लहानपणापासून उभी राहिलेली. गळा असा की बुवा डोळे मिटून बसत. सुभद्रेचे काम तिचे. पण वाक्ये म्हणायची ती रेल्वेच्या घोषणेसारखी, आणि बलरामदादांचे नाव आले की नेमका तिथे श्वास संपायचा. थोरल्या भावाने नको त्या घरी आपले लग्न ठरवले आहे, आणि त्याच भावाचे नाव तोंडात अर्धवट राहते! मी तिला सांगे, नावाच्या आधी श्वास घे. ती मान डोलवी आणि पुन्हा नावानंतर घेई. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी दुपारी वीज गेली, पंखे थांबले, आणि त्या गप्प झालेल्या वर्गात तिने ते वाक्य म्हटले. पेटीवाल्यांनी कोणी न सांगता सूर धरला. ती गाऊ लागली तेव्हा गाणे सुरू झाले हे मला दोन ओळी उलटल्यावर कळले.

आणि नेमकी त्या दिवसापासून शिकवणी बंद झाली, कारण समारोपाच्या प्रयोगाची तयारी सुरू झाली. या बाबतीत माझे आणि संस्थेच्या सेक्रेटरींचे मुळीच जमले नाही. माझे स्पष्ट मत आहे की असल्या शिबिराच्या शेवटी प्रयोग नसावाच. एकवीस दिवसांतले नऊ दिवस शालू, मुकुट, प्रवेशपत्रिका आणि प्रमुख पाहुणे यांत गेले. मुलांनी जे सोडले होते ते भराभर पुन्हा उचलले. टाळी मिळणारी तान परत आली, तबकडीची घाई परत आली. सेक्रेटरी म्हणाले, ‘बाई, देणगीदारांना काही दाखवायला नको?’ त्यांचेही खरे होते. अठरा माणसांचा तीन वेळचा स्वयंपाक दिंडीच्या मात्रांवर शिजत नाही. पण मग प्रयोग ठेवा पुढच्या वर्षीचा! हीच अठरा मुले, हेच नाटक, पुन्हा पुढच्या मे महिन्यात, आणि त्याच्याही पुढच्या. दर वर्षी नवी अठरा आणून प्रमाणपत्रे वाटण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. हे मी लेखी दिले आहे.

प्रयोगाच्या आदल्या रात्री फोंड्याची मुलगी बुवांपाशी येऊन बसली. तिला बँकेत नेमणूक मिळाली होती. ३ जूनला हजर व्हायचे. वडिलांचे रोज फोन येत होते. तिने विचारले, ‘बुवा, मी हेच करायचं ठरवलं तर वर्षाला किती प्रयोग मिळतील?’

आम्ही बाकीचे तिथे होतो. ‘कलेची सेवा’ वगैरे शब्द अशा वेळी जिभेवर तयारच असतात. बुवांनी ते वापरले नाहीत. बोटांवर मोजून म्हणाले, ‘चार. नशीब जोरावर असलं तर सहा.’ मग थोड्या वेळाने, ‘मी तुझ्याएवढा होतो तेव्हा महिन्याला दहा करत होतो, आणि तरी उसनवारी चुकली नाही. तू जा बँकेत.’

ती रडली नाही. उठून तालमीला गेली. बुवा मात्र त्या रात्री जेवले नाहीत.

प्रयोग बरा झाला. हार झाले, भाषणे झाली, सकाळच्या गाड्यांनी मुले पांगली, आणि मी माझ्या राहिलेल्या उत्तरपत्रिकांकडे वळले.

ऑगस्टमध्ये तिने मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण पाठवले. सावंतवाडीकडच्या शाखेत असते. तिथल्या एका पेटी वाजवणाऱ्या शिक्षकांना तिने गाठले आहे, रविवारी दोघे-चौघे देवळाच्या सभामंडपात बसतात, आणि इंदूरचा मुलगा फोनवरून अर्जुनाची वाक्ये म्हणतो. ध्वनिमुद्रणात मागे पाऊस आहे, एक लहान मूल रडते आहे, आणि सुभद्रा बोलते आहे. श्वास नावाच्या आधी घेतलेला आहे. त्यापुढच्या एका लांबलचक वाक्यात मात्र ती अडखळते, आणि तिथे थांबून मला विचारते, ‘बाई, हे कुठं तोडू?’ ते मी तिला त्याच संध्याकाळी कळवले.

तिने आणखीही एक विचारले होते. बँकेत तीन आठवड्यांची रजा हवी तर फार आधी अर्ज द्यावा लागतो. तेव्हा पुढच्या मे महिन्यातल्या तारखा आत्ताच कळतील का? मी सेक्रेटरींना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ते देणगीदारांना भेटायला गेले होते.