सुरखाबाचे पर

लहानपणी ईदचे नवे कपडे घालून मी मोहल्ल्यात मिरवू लागलो की अम्मी म्हणायची, "तुला काय सुरखाबाचे पर लागलेत?" सुरखाब हा गोष्टीतला पक्षी, अशी माझी समजूत होती. शाळेत संस्कृतच्या तासाला चक्रवाक भेटला. रात्री जोडीदारापासून दुरावणारा, नदीच्या दोन काठांवरून साद घालणारा. एक पक्षी घरचा, दुसरा शाळेतला.

पुढे जामसरला शिक्षक झालो, पक्ष्यांचा नाद लागला आणि एका पुस्तकातून कळले की दोन्ही नावे एकाच बदकाची! मीही घरी एका भाषेत, शाळेत दुसऱ्या भाषेत वाढलेला. हा पक्षी डोळ्यांनी पाहायचाच, असे ठरवले. जामसरच्या परिसरात तो मला कधी दिसला नव्हता.

जानेवारीत मोखाडा, त्र्यंबक, नाशिक करत निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बंधारा झाला, त्यामागे गाळ साचला आणि पाखरांना घर मिळाले. १९८६ साली ते अभयारण्य झाले. रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा.

चापडगावच्या मनोऱ्यावरून धुक्यात जोडी दिसली. नारिंगी अंग, फिकट डोके, काळी शेपटी. लडाख-तिबेटकडे वीण करणारे हे पाहुणे गाळाच्या उंचवट्यावर निवांत बसले होते. फोटोत मात्र ते ठिपक्याएवढे. मोह आवरेना. वाटाड्या "सर, बसू द्या त्यांना," म्हणत असताना मी खाली उतरून चिखलातून पुढे गेलो. दोघांनी माना ताणल्या, "आंग, आंग" असा आवाज केला आणि उडाले. तेव्हा पर दिसले. पंखांवर पांढरेशुभ्र पट्टे, काळी टोके, मध्ये हिरवी झळाळी. फोटो हलला.

घरी अम्मीला तो दाखवला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला आता बरे दिसते. बराच वेळ पाहून म्हणाली, "असे असतात होय पर! पण बेटा, हे उडाले का?"

"मी जवळ गेलो म्हणून."

ती काही बोलली नाही. मला मात्र तिचे ते जुने वाक्य ऐकू आले. इतक्या दुरून आलेल्या पाखरांना मी उठवले, ते चार लोकांत फोटो मिरवण्यासाठीच ना?

येत्या हिवाळ्यात अम्मीला घेऊन जाणार आहे. मनोऱ्यावर बसून दुर्बिणीतून पाहू. कॅमेरा पिशवीतच राहील.