इपॉक्सी, टाइल आणि मामीचा डंक

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की नातेवाइकांच्या लेखी आपण त्याच दिवशी इंजिनिअर होतो. मग ब्रँच कुठली का असेना! शेजारच्या काकूंचा मिक्सर, आत्याच्या बोअरची मोटर, चुलतभावाचं वायफाय, सगळं आपल्याच गळ्यात. मी मेकॅनिकल तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीनंतर शाहूपुरीतल्या मामाचा फोन आला, "भाच्या, रविवारी ये. गाळ्याची फरशी करायची आहे. तू इंजिनिअर माणूस, जरा बघून सांग." फरशी हा विषय सिव्हिलवाल्यांचा आहे हे मी सांगून पाहिलं. पण मामीच्या हातचा तांबडा-पांढरा रस्सा आणि आपली मेस यांची तुलना मनातल्या मनात केली आणि गेलो.

शाहूपुरी आपल्यापैकी बहुतेकांना स्टेशन आणि स्टँडजवळचा भाग म्हणूनच माहीत असते. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली आणि शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली १८९५ साली. एकेकाळी इथं गुळाची उलाढाल चालायची. आता तिथं हॉटेलं, दुकानं, लॉज आहेत. आत शिरलं की गणपतीच्या मूर्तींची कुंभार गल्ली लागते. मामाचा गाळा त्याच बाजूला. म्हणजे पंचगंगा फुगली आणि जयंती नाल्याचं पाणी मागं सरलं की पहिला पाहुणा यांच्याकडंच! २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्यावरून अंदाज करा. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. दोन्ही वेळा गाळ्यात गुडघ्याच्या वर पाणी, आणि ओसरल्यावर चार बोटं चिखल.

या गाळ्यात मामी चटणी करते. चटणी म्हणजे आपली कांदा-लसणाची, वर्षभराची. (विदर्भ-मराठवाड्यातल्या मित्रांसाठी खुलासा : तुम्ही ज्याला मसाला म्हणता ते.) गडहिंग्लजच्या बाजारातली जवारी संकेश्वरी, रंगासाठी ब्याडगी, धने, खोबरं, तीळ, सगळं तेलावर भाजायचं आणि डंकात कुटायचं. डंक ज्यांनी पाहिला नाही त्यांनी जरूर पाहावा. थिअरी ऑफ मशीन्समधला कॅम आणि फॉलोअर तिथं प्रत्यक्ष भेटतो. कॅम लोखंडी मुसळ उचलतो, सोडतो, आणि ते धाडकन उखळात पडतं. सीझनमध्ये दिवसभर हेच. चार बायका जमिनीवर बसून मिरचीची देठं खुडतात, त्यातल्या एक मावशी साठीच्या पुढच्या आहेत. हे सगळं इतक्या बारकाईनं सांगतोय कारण फरशीवर काय काय होणार आहे हे कळल्याशिवाय फरशी ठरवता येत नाही. मामानं ती आधीच ठरवली होती.

एका ठेकेदारानं त्याला इपॉक्सी सांगितलं होतं. चौरस फुटाला ४५ रुपये. गाळा ४०० चौरस फूट, म्हणजे १८ हजारात काम खलास! वर तुळतुळीत, सांधा नाही, हॉस्पिटलसारखं दिसतं. मामाकडं सोसायटीचं कर्ज काढून आणलेले साठ हजार होते आणि त्यातूनच डंकाची मोटरही बदलायची होती. त्यामुळं १८ हजार हा आकडा त्याला फार गोड लागला होता. मामीचं मत वेगळं. (कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, तेव्हा हसू नये.) ती म्हणाली, "मी दिवसभर हितं बसतो, उठतो, तेलाचे हात घेऊन फिरतो. मला आरसा नको जमिनीला. मावशींचा पाय घसरला तर हाड कोण जोडणार, तुझा इपॉक्सी?"

इपॉक्सी म्हणजे मोठं काही गूढ नाही. हॉस्टेलची फुटलेली बादली आपण एम-सीलनं चिकटवतो, लॅबमध्ये अराल्डाइट वापरतो, त्याच जातीचं हे. रेझिन आणि हार्डनर मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते, अर्ध्या-पाऊण तासात माल वापरून संपवावा लागतो, नाहीतर डब्यातच दगड होतो. जमिनीसाठी ते पातळ करून ओतायचं. प्रश्न असतो किती जाडीचं. मी ठेकेदाराला फोन लावून एवढंच विचारलं, की काका, जाडी किती? ते म्हणाले, "एकदम स्टँडर्ड." मग विचारलं, माल किती लिटर आणणार? उत्तर आलं, दहा-अकरा लिटर. आता गणित करा. ४०० चौरस फूट म्हणजे साधारण ३७ चौरस मीटर. ११ लिटर त्यावर पसरलं तर जाडी येते ०.३ मिलिमीटर. हा झाला रंग. स्वतःहून समतल होणारं खरं इपॉक्सी फ्लोअरिंग दोन मिलिमीटर धरलं तर ७४ लिटर माल लागतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, कारखान्यात हे काम निघालं तर दर विचारण्याआधी लिटर किंवा किलो विचारा.

दुसऱ्या एका ठेकेदाराकडून दोन मिलिमीटरचा दर घेतला तर तो निघाला १२० रुपये. कारण सरळ आहे. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत दहा-वीस हजार फुटांचं काम असतं. तिथं ग्राइंडिंग मशीन, कामगार, गाडी यांचा खर्च मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो. आमच्या ४०० फुटांसाठीही तेच मशीन, तीच माणसं आणावी लागतात. या माणसाचं मला कौतुक वाटलं, कारण त्यानं गाळा बघून आधी विचारलं, "इथं पूर येतो ना?" आणि स्वतःच सांगितलं की इथल्या वापराला सात-आठ वर्षांनी पुन्हा एक हात द्यावा लागेल.

पुराचा प्रश्न त्यानं का विचारला, हे मी प्रयोग करून पाहिलं. गाळ्याच्या पुढच्या भागात जुनी शहाबादी फरशी आहे आणि मागं कोबा. (सिव्हिलच्या पुस्तकात कोब्याला इंडियन पेटंट स्टोन म्हणतात. दगड नसलेल्या वस्तूला असं भारदस्त नाव कुणी दिलं कोण जाणे.) दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा कागद कोब्यावर ठेवून चारही बाजू चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि किमान सोळा तास तसाच ठेवायचा. ही एएसटीएमची साधी चाचणी आहे, खर्च पंधरा रुपये. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतून दवासारखे थेंब होते आणि खालचा कोबा काळपट. पाऊस संपून महिना झाला होता तरी! नाला जवळ, खाली ओलावा रोखणारा कागद कधी घातलेला नाही, त्यामुळं जमिनीतली वाफ सतत वर येते. कोब्याला त्याचं काही नाही, तो श्वास घेतो. इपॉक्सी मात्र वाफेला वाट देत नाही. मग ती खालून ढकलते, फोड येतात, पापुद्रे सुटतात. यावर उपाय आहे. जुनं सगळं उखडायचं, खाली प्लॅस्टिक घालायचं, चार इंच नवीन काँक्रीट करायचं आणि २८ दिवस वाट पाहायची. आमच्या गाळ्याला त्याचा अंदाज आला २७ हजार, फरशी उखडून राडारोडा टाकायचे ८ हजार आणि इपॉक्सीचे ४८ हजार. एकूण ८३ हजार. मामानं आकडा ऐकून चहाचा कप खाली ठेवला.

आता टाइल. नमुन्याचे तुकडे मी दुकानातून मागून आणले आणि आमच्या रूममध्ये लॅब उघडली. चकचकीत व्हिट्रिफाइड, मॅट व्हिट्रिफाइड, शहाबादीचा तुकडा, सिमेंटच्या सांध्याचा नमुना आणि ठेकेदारानं दिलेली इपॉक्सीची चकती. प्रत्येकावर मामीची चटणी तेलात कालवून लावली, बाजूला लिंबाचा थेंब, आणि रात्रभर ठेवलं. रेक्टर सर वासानं वर आले. त्यांना वाटलं रूममध्ये हीटरवर स्वयंपाक चाललाय. सगळं समजावल्यावर त्यांनी उरलेली चटणी जप्त केली, ती अजून परत मिळालेली नाही.

सकाळी पुसून पाहिलं. शहाबादीवर लिंबू पडलं तिथं पांढरा डाग, कारण तो चुनखडीचा दगड, आम्ल लागलं की झिजणारच. तेल तर आतच गेलं. मॅट टाइल साबणानं साफ. व्हिट्रिफाइडचं पाणी शोषण अर्ध्या टक्क्याहून कमी असतं, त्यामुळं रंग आत शिरायला जागाच नाही. चकचकीत टाइलला पॉलिश करताना बारीक छिद्रं उघडी पडतात, तिथं किंचित लाली राहिली. इपॉक्सीवर हळदीची फिकट पिवळी झाक, बाकी ठीक. सिमेंटचा सांधा मात्र लालभडक, घासून घासून ब्रश झिजला. म्हणजे टाइलची खरी दुखणी सांध्यात आहेत.

मग शेवटची परीक्षा. स्टीलच्या पेल्यात कडकडीत तापलेलं तेल ओतून तो इपॉक्सीच्या चकतीवर ठेवला. साध्या हवेत वाळवलेलं इपॉक्सी साधारण साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. पेला उचलला तर खाली गोल ठसा! मामी खोबरं भाजून झालं की कढई कुठं ठेवते? जमिनीवर. "तिवईवर ठेव की," मामा म्हणाला. मामीनं नुसतं बघितलं त्याच्याकडं.

इपॉक्सी वाईट आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही. औषधांचा कारखाना, मोठं गोदाम, ट्रॉल्या आणि फोर्कलिफ्ट फिरणारं शॉप फ्लोअर, जिथं खालचं काँक्रीट कोरडं आणि दणकट आहे, तिथं टाइलनं त्याच्या वाटेला जाऊ नये. लोखंडी चाक सांध्यावरून गेलं की टाइलची कड उडते, आणि एक कड उडाली की शेजारची रांगेतच उभी असते. सांधा नसणं हा इपॉक्सीचा मोठा गुण आहे, धूळ आणि झुरळं लपायला जागा राहत नाही. पण तो गुण टाइलला उसना घेता येतो. सांध्यात सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरायचं. ६०० मिलिमीटरची टाइल आणि तीन मिलिमीटरचा सांधा धरला तर आख्ख्या गाळ्याला सहा किलोही लागत नाही. चौऱ्याहत्तर लिटर पसरण्यापेक्षा सहा किलो योग्य जागी भरलेलं मला पटलं.

राहिला डंक. त्याच्या खाली कुठलीही टाइल टिकणार नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. डंकाचा पाया मुळातच वेगळा, खोल काँक्रीटचा आहे. त्याच्याभोवती पाच बाय सहा फुटांचा चौकोन मोकळा सोडून तिथं हार्डनर घालून घोटलेलं काँक्रीटच ठेवलं. त्या चौकोनाच्या कडेनं थर्माकोलची पट्टी घालून वर लवचिक सीलंट भरलं, म्हणजे मुसळाचा दणका बाकीच्या जमिनीला थेट पोचू नये. मिस्त्रींना ही फट अजिबात पसंत नव्हती. "साहेब, फट दिसली की लोक मला नावं ठेवत्यात," हे त्यांचं म्हणणं. शेवटी मामीनं तिथं चटणी सांडली तरी चालेल म्हणून लाल रंगाचं सीलंट आणायला लावलं.

टाइलचा हिशेब असा झाला : २८ बॉक्स, मॅट, फुटाला ५५ रुपयांनी, म्हणजे २४ हजार. बसवायचे साडेसोळा हजार. इपॉक्सी ग्राउट आणि भरणावळ ६ हजार. उखडणं, राडारोडा, खालचा थर दुरुस्त करणं १२ हजार. एकूण साडेअठ्ठावन्न. साठातले दीड हजार उरले आणि मोटर राहिली ती राहिलीच. जुनीच रिवाइंड करून आणली. सिमेंटच्या थरावर बसवलेल्या टाइलला खालच्या ओलाव्याचं इपॉक्सीइतकं वावडं नसतं, हा मुद्दा मी लावून धरला होता. पण त्याला एक अट असते. टाइलखाली पोकळी नको. शेजारच्या एका दुकानात माल वाचवायला मिस्त्रीनं फक्त चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून टाइल बसवल्या होत्या. २०२१ च्या पुरात त्या पोकळ्यांत पाणी भरलं आणि दिवाळीपर्यंत टाइलवरून चाललं की पचपच आवाज यायचा. पुढं सगळं उचलावं लागलं.

म्हणून आमचं काम झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी, मामा आणि मावशी नाणी घेऊन बसलो. प्रत्येक टाइलवर टकटक. भरीव असेल तर आवाज बसका येतो, पोकळ असेल तर मडक्यासारखा. मावशींचा कान सगळ्यात तयार निघाला, आयुष्यभर माठ वाजवून घेतलेत त्यांनी. शहाण्णव टाइलपैकी अकरा पोकळ निघाल्या. मिस्त्री आधी रागावले, मग त्यांनीही नाणं घेऊन वाजवून पाहिलं आणि अकरा टाइल मुकाट्यानं काढून पुन्हा बसवल्या. त्यात दोन फुटल्या. बाकीच्या माळ्यावर ठेवल्या आहेत, कारण पुढच्या वर्षी याच रंगाची छटा मिळेलच असं नाही.

फेब्रुवारीत मिरची आली आणि डंक सुरू झाला. जमीन गार लागते अशी बायकांची तक्रार आहे, त्या गोणपाट घालून बसतात. मामाचं मन मात्र अजून तुळतुळीत जमिनीवरच आहे. परवा त्यानं विचारलं की माळ्यावर पॅकिंगची खोली काढली तर तिथं इपॉक्सी चालेल का. स्लॅब कोरडा आहे, खाली जमीन नाही, कढई वर जाणार नाही, तेव्हा चालेल. फक्त खोली आहे ऐंशी चौरस फुटांची आणि तेवढ्यासाठी मशीन घेऊन यायला दुसरा ठेकेदार तयार नाही. पहिला तयार आहे. तो म्हणतो एक लिटर पुष्कळ झालं.